ब्रेकचं पेडल मऊ लागतंय? पार्ट बदलण्याआधी एवढं तपासा

शहरात तीस-चाळीसच्या वेगात ब्रेकचं पेडल जरा मऊ असलं तरी गाडी थांबते. ‘दोनदा पंप मारला की धरतोय की!’ असं म्हणून आपण महिनोन्‌महिने तसंच चालवतो. पण कोल्हापूरची गाडी कधी ना कधी कोकणात उतरतेच, आणि उतरायचं म्हटलं की आंबा, करूळ, भुईबावडा, अणुस्कुरा, फोंडा, आंबोली यांतला एक घाट लागतोच. गाडीत पाच माणसं, डिकीत बॅगा, वळणामागून वळण, आणि गाडी खाली उतरेल तसं पेडलही खाली. म्हणून ही तपासणी दारात उभ्या गाडीवर करायची, घाटात नव्हे.

ज्यांनी ब्रेकला कधी हात लावलेला नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय. सगळं काम स्वतःच करा असा आग्रह नाही, पण निदान करायला मात्र शिका. मऊ पेडलची तक्रार घेऊन गेलात की बऱ्याच ठिकाणी पहिलं वाक्य येतं, ‘मास्टर सिलिंडर गेलाय.’ तो जातो, नाही असं नाही. पण त्याच्याआधी तपासायच्या अनेक गोष्टी फुकटात तपासता येतात. माझ्या जुन्या पेट्रोल हॅचबॅकचा मास्टर सिलिंडर एका गॅरेजने असाच बदलून दिला. बिल झालं, पेडल होतं तिथंच. दोष निघाला मागच्या लायनरच्या (ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या अस्तराच्या) गॅपमध्ये, आणि तो स्क्रू ड्रायव्हरने दुरुस्त झाला.

१. आधी ठरवा, गाडी रस्त्यावर काढायची का

पेडल एकदम फ्लोअरपर्यंत जात असेल, चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसत असेल, किंवा डॅशबोर्डवरचा लाल ब्रेकचा दिवा हँडब्रेक सोडूनही जळत असेल तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका. टो करून न्या, नाहीतर मिस्त्रीला घरी बोलवा. ‘हळूहळू नेतो, जवळच आहे’ हा विचार ताराराणी चौकातल्या गर्दीत महागात पडतो.

पेडल नुसतं मऊ आहे, पण निम्म्याच्या वरच ब्रेक धरतोय, असं असेल तर दारातच पुढच्या चाचण्या करा.

२. आत काय चालतं ते थोडक्यात

पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर ब्रेक ऑईलवर दाब टाकतो. तो दाब पाइपांतून चारी चाकांपर्यंत जातो. पुढे डिस्क असेल तर कॅलिपरचा पिस्टन पॅड डिस्कवर दाबतो, मागे ड्रम असेल तर व्हील सिलिंडर लायनर बाहेर ढकलतो. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क, मागे ड्रम असतो.

द्रव दाबून लहान होत नाही, हवा मात्र दबून लहान होते. त्यामुळे पाइपात हवा शिरली की तुमच्या पायाचा जोर आधी ती हवा दाबण्यात जातो आणि पेडल मऊ लागतं. दुसरी शक्यता अशी की ऑईल नीट आहे, पण लायनर ड्रमपासून इतके लांब आहेत की ते टेकेपर्यंतच पेडलची बरीच चाल संपते. तिसरी, दाब कुठून तरी निसटतोय. चौथी, रबरी होज (चाकाजवळची लवचीक नळी) दाबाखाली फुगतोय. मऊ पेडलच्या बहुतेक तक्रारी या चारांतच बसतात.

३. पेडल नक्की काय करतंय ते बघा

इथं घाई करू नका. या चाचण्यांना एकही पाना लागत नाही आणि अर्धं निदान इथंच होतं.

गाडी सपाट जागी लावा, पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाला पुढून-मागून दगड लावा. इंजिन बंद. आता पेडल चार-पाच वेळा पूर्ण दाबून सोडा, म्हणजे बूस्टरमधला (इंजिनच्या व्हॅक्यूमवर तुमच्या पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यातला) उरलेला व्हॅक्यूम संपेल. त्यानंतर पेडल कडक व्हायला हवं. व्हॅक्यूम संपल्यावरही ते पायाखाली दबून परत उसळत असेल तर दोष ऑईलच्या बाजूला आहे. नंतर पेडल दाबून धरा, गिअर न्यूट्रलला घ्या आणि इंजिन चालू करा. चालू होताक्षणी पेडल किंचित खाली जाईल. हे बूस्टर चांगला असल्याचं लक्षण आहे. नवीन माणूस नेमका इथंच घाबरतो आणि यालाच दोष समजतो. उलट, इंजिन चालू असतानाही पेडल दगडासारखं कडक आणि गाडी थांबायला जोर लागतोय, असं असेल तर ती बूस्टरची किंवा त्याच्या व्हॅक्यूम पाइपची तक्रार. ती या लेखाच्या बाहेरची.

आता इंजिन चालू ठेवून वेगवेगळ्या तऱ्हेने दाबून बघा.

पहिल्यांदा खाली जातं, लगेच दोन-तीनदा पंप मारला की वर येतं आणि कडक होतं: एक तर हवा आहे, नाहीतर मागच्या लायनरचा गॅप वाढलाय. दोन्हींतला फरक ओळखायला सोपी युक्ती आहे. हँडब्रेक दोन-तीन खटके ओढा आणि पुन्हा पेडल दाबा. बऱ्याच गाड्यांत हँडब्रेक त्याच मागच्या लायनरवर चालतो. त्यामुळे हँडब्रेक ओढल्यावर पेडल एकदम वर, पहिल्याच दाबाला कडक मिळालं तर हवा शोधत बसू नका, मागचे ड्रम खोला. काही फरकच पडला नाही तर हवेचा संशय धरा. मागे डिस्क असलेल्या गाडीत ही युक्ती भरवशाची नाही.

एकसारखा पाय ठेवला तरी सावकाश खाली सरकत जातं: दाब निसटतोय. बाहेर कुठं गळती दिसली नाही तर मास्टर सिलिंडरच्या आतले सील गेलेत, ऑईल आतल्या आत मागे सरकतंय. मास्टर सिलिंडरवर बोट ठेवायचं ते या लक्षणावर. अर्धा मिनिट तरी पाय धरून ठेवा, आणि जोरात नव्हे, सिग्नलला उभे असताना ठेवता तेवढ्याच जोराने. काही सील जोराच्या दाबाला टिकतात आणि हलक्या दाबाला सोडतात.

पंप मारला तरी वर येत नाही, कायमच मऊ: होज फुगतोय, पॅड वाकडे बसलेत, किंवा हवा भरपूर आहे.

घाट उतरताना मऊ झालं आणि गाडी तासभर उभी केल्यावर ठीक झालं: ऑईल उकळलं. यावर पुढे सविस्तर लिहिलंय. मात्र याच्याशी नेहमी गल्लत होणारी एक वेगळी गोष्ट आहे. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, जळका वास येतोय, असं असेल तर पॅड-लायनर तापून पकड सुटलीय. त्यात ऑईलचा दोष नसतो.

सकाळी किंवा खड्ड्याच्या रस्त्यावरून आल्यावर फक्त पहिलाच दाब खोल जातो: चाकाचं बेअरिंग ढिलं आहे का, डिस्क वाकडी झालीय का बघा. हलणारी डिस्क पॅडना मागे ढकलते, मग पहिल्या दाबाला ते अंतर भरून काढावं लागतं.

ओल्या रस्त्यावर किंवा खडीवर जोरात दाबल्यावर पेडल पायाखाली थरथरत असेल तर तो एबीएस, म्हणजे चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा, आपलं काम करतोय. तिथं दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

४. बोनेट उघडा, डबी बघा

ब्रेक ऑईलची पारदर्शक डबी ड्रायव्हरच्या समोर, इंजिनच्या मागच्या भिंतीजवळ असते. पातळी कमाल आणि किमान या खुणांच्या मध्ये हवी. झाकण उघडण्याआधी आजूबाजूची धूळ ओल्या फडक्याने पुसून घ्या, कचरा आत पडू देऊ नका.

पातळी कमी दिसली की लगेच ऑईल ओतायचं नाही. पॅड झिजतात तसे पिस्टन बाहेर येतात आणि डबीतली पातळी आपोआप उतरते. म्हणून आधी पॅड बघा. पॅड झिजलेले असताना डबी काठोकाठ भरलीत तर नवे पॅड टाकताना पिस्टन मागे ढकलल्यावर ऑईल बाहेर सांडतं. हे ऑईल रंगाचा शत्रू आहे. बॉडीवर थेंब पडला तर फडक्याने घासू नका, लगेच भरपूर पाण्याने धुवा. पॅड चांगले आहेत आणि तरी पातळी उतरतेय, याचा अर्थ कुठं तरी गळतंय. काही गाड्यांत क्लचचं ऑईलही याच डबीतून जातं, तेव्हा क्लचच्या बाजूची गळतीसुद्धा इथं दिसते.

रंग बघा. नवं ऑईल फिकट पिवळसर असतं, वर्षानुवर्षं न बदललेलं काकवीसारखं काळपट होतं. पण रंगावर सगळा भरवसा नको, स्वच्छ दिसणाऱ्या ऑईलमध्येही पाणी असू शकतं. बाटलीवरचा ‘डॉट’ आकडा म्हणजे ब्रेक ऑईलचा दर्जा. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही तिन्ही ऑईलं हवेतलं बाष्प शोषतात. रबरी होजमधून, झाकणाच्या बारीक भोकातून ते शिरतच राहतं. गगनबावड्याच्या आणि शाहूवाडीच्या पावसात चार महिने काढणाऱ्या गाडीने याबाबत विशेष जागरूक राहावं.

बाष्पाने काय होतं ते आकड्यांत सांगतो. प्रमाणानुसार कोरं डॉट ३ किमान २०५ अंशांना उकळतं, डॉट ४ किमान २३० अंशांना. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच मर्यादा अनुक्रमे १४० आणि १५५ अंशांपर्यंत खाली येते. डॉट ५.१ चे आकडे २६० आणि १८०. घाटात सलग ब्रेकवर पाय ठेवला तर कॅलिपरजवळचं ऑईल बरंच तापतं. पाणी मुरलेलं ऑईल उकळून त्याची वाफ झाली की ती हवेसारखीच दबते. थंड झाल्यावर वाफेचं परत द्रव होतं, पेडल वर येतं, आणि आपल्याला वाटतं की आपोआप बरं झालं.

पाणी मोजायची दिवे लागणारी पेनसारखी उपकरणं मिळतात. त्यांच्यावरून अंदाज येतो, अचूक निदान होत नाही. शेवटचं ऑईल कधी बदललं ते आठवत नसेल तर मोजत बसण्यापेक्षा बदला. बऱ्याच कंपन्या साधारण दोन वर्षांचा काळ सांगतात, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो.

५. ऑईल विकत घेताना

डबीच्या झाकणावरच कुठलं डॉट हवं ते लिहिलेलं असतं. तेच घ्या. डॉट ३ च्या गाडीत डॉट ४ चालतं. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते या कुटुंबातलं नाही, त्यात मिसळायचं नाही. आकडे जवळचे असल्याने ५ आणि ५.१ यांत घोटाळा होतो, बाटली नीट वाचून घ्या.

सीलबंद बाटलीच घ्या. गॅरेजच्या फळीवर अर्धी उरलेली, झाकण सैल असलेली बाटली कितीही आग्रह झाला तरी आपल्या गाडीत ओतू देऊ नका. छोट्या गाडीचं सगळं ऑईल बदलायला अर्ध्या ते एक लिटरच्या आसपास लागतं, उरलेलं पुढच्या वर्षासाठी जपून ठेवण्यात अर्थ नाही.

सगळ्यात मोठा धोका इंजिन ऑईल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑईल चुकून या डबीत जाण्याचा. खनिज तेल लागलं की ब्रेकमधलं रबर फुगतं. मग नुसतं धुऊन भागत नाही, मास्टर सिलिंडर, कॅलिपर, व्हील सिलिंडर, होज यांतलं सगळं रबर बदलावं लागतं. असा संशय आला तर पेडलही न दाबता थांबा, म्हणजे निदान ते पुढे पसरणार नाही. याच कारणासाठी ब्रेकचे सुटे भाग पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेलने धुऊ द्यायचे नाहीत. मिस्त्री मंडळींना ती सवय असते, अगदी चांगल्या हाताच्या माणसांनाही.

६. चाकांपाशी काय बघायचं

लागणारं सामान: जॅक, दोन मजबूत ॲक्सल स्टँड, चाकाचा पाना, टॉर्च, जुने कपडे, हातमोजे, चष्मा, ब्रेक क्लीनरचा स्प्रे. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालायचा नाही. विटा आणि सिमेंटचे ब्लॉक आधाराला वापरायचे नाहीत, ते सूचना न देता फुटतात.

पुढचं चाक काढून पॅड बघा. अस्तर ३ मिलिमीटरच्या आसपास आलं असेल तर बदलायची वेळ झाली. एकाच कॅलिपरमधला आतला पॅड झिजलाय आणि बाहेरचा जाडजूड आहे, तर स्लाइड पिन (जिच्यावर कॅलिपर आत-बाहेर सरकतो ती) अडकलीय. कॅलिपर सरकत नसला की तो पॅड दाबण्याऐवजी स्वतःच वाकायला बघतो, आणि पेडलला तेच मऊपण जाणवतं. पिन काढून साफ करा, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा. गाडीच्या सांध्यांना लावतात ते साधं ग्रीस इथं रबर खराब करतं.

होज हाताने वाकवून बघा. चिरा पडल्यात, एखाद्या जागी फुगवटा आलाय, चिकट लागतोय, यातलं काहीही दिसलं तर बदला. मदतनीस पेडल दाबत असताना होजवर बोटं ठेवली तर फुगणं जाणवतं. होज जोडीने बदलतात, डाव्याचा गेला तर उजव्याचंही वय तेवढंच असतं.

मागचा ड्रम काढण्याआधी हँडब्रेक सोडा (पुढच्या चाकांना दगड लावलेत ना?). ड्रम गंजून बसला असेल तर बऱ्याच ड्रमवर दोन आट्यांची भोकं असतात, त्यांत योग्य मापाचे बोल्ट सारखे आवळत गेलात की ड्रम बाहेर येतो. घणाने ठोकून काढण्याची गरज पडत नाही. काही गाड्यांत बेअरिंग ड्रममध्येच असतं आणि मधला मोठा नट काढावा लागतो. तो किती आवळायचा याचं माप ठरलेलं असतं, त्यामुळे पहिल्यांदाच करत असाल तर हे काम मिस्त्रीकडे सोपवा.

आतली धूळ तोंडाने फुंकायची नाही, हवेच्या पाइपानेही नाही. ती छातीत जाते. ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा. मग व्हील सिलिंडरच्या दोन्ही टोकांचे रबरी बूट हलक्या हाताने उचला. आत किंचित ओलसरपणा चालतो, थेंब निघाला तर सिलिंडर गळतोय. लायनरवर ऑईल मुरलं असेल तर ते धुऊन वापरू नका, दोन्ही बाजूंचे बदला.

आता गॅप. सेल्फ-ॲडजस्टर (लायनर झिजेल तसा गॅप आपोआप भरून काढणारा भाग) असलेल्या गाड्यांतही तो गंजून अडकतो आणि गॅप वाढत जातो. साफ करून त्याचं चाक फिरवा. ड्रम परत बसवल्यावर हाताने फिरवताना लायनर किंचित घासल्याचा आवाज आला पाहिजे, पण ड्रम अडखळायला नको. दोन्ही बाजू सारख्या ठेवा, मग आत बसून काही वेळा पेडल दाबा आणि पुन्हा तपासा. हँडब्रेकची केबल ताणून हा गॅप झाकण्याचा प्रकार सर्रास चालतो. तो करू नका. आधी लायनर, शेवटी केबल.

पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी असेल तर हा भाग टाळूच नका. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा कितीतरी गाड्या बुडाल्या आणि पुढे विकल्याही गेल्या. अशा गाडीत व्हील सिलिंडरचे पिस्टन, स्लाइड पिन, ॲडजस्टर हे सगळं गंजतं. सेकंडहँड घेताना निदान मागचा एक ड्रम उघडून दाखवायला सांगा.

७. हवा काढणं

गळती नाही, गॅप बरोबर आहे, पॅड सरळ आहेत हे नक्की झालं की मगच याकडे वळा. गळणाऱ्या गाडीची हवा काढलीत तरी आठवड्याने परत तिथंच याल.

लागणारं सामान: नवं ऑईल, निपलच्या (चाकापाशी हवा बाहेर काढायच्या छोट्या पोकळ स्क्रूच्या) मापाचा रिंग पाना (बहुतेक वेळा ८ किंवा १० मिलिमीटर), निपलवर घट्ट बसणारी पारदर्शक प्लास्टिकची नळी (मासे पाळायच्या टाकीची चालते), एक पारदर्शक बाटली, फडकी, पाणी, आणि पेडलखाली ठेवायला लाकडाचा ठोकळा. शिवाय सांगितलेलं ऐकणारा एक माणूस.

ठोकळा कशासाठी? जुन्या मास्टर सिलिंडरचा पिस्टन वर्षानुवर्षं एका ठरावीक पट्ट्यातच फिरलेला असतो. त्याच्या पुढे गंज आणि गाळ साचतो. हवा काढताना पेडल फ्लोअरपर्यंत नेलं की सील त्या खरबरीत भागावरून घासतं आणि चांगला मास्टर सिलिंडर त्या दिवशी खराब होतो. ‘हवा काढायला दिली आणि मास्टर सिलिंडरच गेला’ या तक्रारीमागे अनेकदा हेच असतं.

सर्वसाधारण नियम असा की मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं चाक आधी. आपल्याकडे तो उजवीकडे असतो, म्हणून मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. मात्र कोनाकोनाने जोडलेल्या पाइपांच्या काही गाड्यांत कंपनी वेगळा क्रम देते. मॅन्युअलमध्ये असेल तो क्रम अंतिम.

निपलच्या टोपीखालची माती साफ करा. निपल हलत नसेल तर गंज सोडवायचा स्प्रे मारून थांबा, हलके ठोका, रिंग पानाच लावा. साध्या तोंडाच्या पान्याने कोपरे गोल होतात. निपल आत तुटलाच तर घरी ड्रिल घेऊन बसू नका, कॅलिपर काढून उद्यमनगरात लेथवाल्याकडे न्या. तुटलेला निपल काढून आटे वाचवणं हे त्यांचं रोजचं काम आहे.

नळी निपलवर बसवा, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या नव्या ऑईलमध्ये बुडवा. इंजिन बंद. आता संवाद असा:

‘दाब.’ मदतनीस पेडल सावकाश दाबतो आणि धरून ठेवतो. ‘दाबलाय.’ तुम्ही निपल पाव ते अर्धा आटा उघडता. ऑईल आणि बुडबुडे नळीतून येतात, पेडल ठोकळ्यापर्यंत जातं. पेडल अजून खालीच असताना तुम्ही निपल बंद करता. मगच, ‘सोड.’

निपल उघडा असताना पेडल सुटलं तर हवा परत आत ओढली जाते. म्हणून मदतनीसाने स्वतःच्या मनाने सोडायचं नाही, आणि तुम्ही ‘सोड’ हा शब्द गप्पांत वापरायचा नाही. भराभरा पंप मारायलाही सांगू नका. एका मोठ्या बुडबुड्याचे शंभर बारीक होतात आणि मग ते निघता निघत नाहीत.

बुडबुडे थांबून स्वच्छ, फिकट ऑईल येईपर्यंत चालू ठेवा. दर पाच-सहा दाबांनंतर डबी बघा. पातळी तळाला गेली की मास्टर सिलिंडर हवा ओढतो आणि सगळं पहिल्यापासून. या कामात सर्वांत जास्त वेळ याच कारणाने वाया जातो. निपल आवळताना जोर लावायचा नाही, तो नाजूक असतो. टोपी परत लावा, सांडलेलं पाण्याने धुवा.

मागच्या ॲक्सलवर वजनाप्रमाणे दाब बदलणारा व्हॉल्व्ह असलेल्या गाड्यांत, काही व्हॅन आणि मोठ्या गाड्यांत तो असतो, मागची चाकं लोंबकळत ठेवली तर तो मागचा प्रवाह कमी करतो. तिथं वजन चाकांवर ठेवून हवा काढा.

८. सगळं केलं, तरी मऊच

कॅलिपरचा निपल वरच्या बाजूला आहे का बघा. हवा वर जाते, त्यामुळे निपल सर्वांत उंच जागी असतो. एका मित्राच्या गाडीचे दोन्ही कॅलिपर दुरुस्तीनंतर डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवले होते. निपल खाली, हवा वर, आणि बाटल्यांवर बाटल्या ऑईल ओतून पेडल जसंच्या तसं. अदलाबदल केली आणि काम झालं.

मास्टर सिलिंडर नवा टाकला असेल तर तो बसवण्याआधी बाकावर ऑईल भरून त्याची हवा काढली होती का विचारा. ती आत अडकली की चाकांकडून निघायला फार त्रास देते.

एबीएसच्या युनिटमध्ये हवा गेली असेल, म्हणजे डबी पूर्ण कोरडी पडली असेल किंवा युनिटचे पाइप खोलले असतील, तर त्याचे व्हॉल्व्ह स्कॅनरने चालवून हवा काढावी लागते. ते काम स्कॅनर असलेल्या गॅरेजचं.

कोणत्या चाकाचा दोष ते कळत नसेल तर होज दाबायचा खास गुळगुळीत क्लॅम्प वापरून एकेक होज बंद करून पेडल दाबतात. ज्याचा होज दाबल्यावर पेडल कडक होतं, दोष त्या चाकाकडे. पक्कडीने हे करू नका, होज आतून फाटतो. जुन्या, कडक झालेल्या होजवर तर मुळीच नाही.

आणि पॅड कालच बदलले असतील तर जरा थांबा. नवे पॅड डिस्कवर पूर्ण टेकायला थोडे किलोमीटर लागतात, तोवर पेडल किंचित मऊ लागणं स्वाभाविक आहे. ते दिवसेंदिवस सुधारत गेलं पाहिजे, बिघडत नव्हे.

९. गॅरेजला देणार असाल तर

‘ब्रेक बघा जरा’ असं सांगू नका. ‘पंप मारल्यावर वर येतं, हँडब्रेक ओढून दाबलं तरी फरक नाही, गळती दिसत नाही, ऑईल अमुक साली बदललं होतं’ असं सांगा. समोरचा माणूस चांगला असेल तर त्याचा वेळ वाचतो, नसेल तर त्याला कळतं की गिऱ्हाइकाने बघितलंय. जुने पार्ट परत मागा. मास्टर सिलिंडर किंवा व्हील सिलिंडरला नुसतं रबरी किट टाकतो म्हणाले तर आतली भिंत गुळगुळीत आहे का ते दाखवायला सांगा. भिंतीला खड्डे पडले असतील तर नवं किट फार दिवस टिकत नाही, पूर्ण सिलिंडर घ्या.

१०. चाचणी, आणि मग घाट

चाकाचे नट मॅन्युअलमधल्या मापाने आवळा. इंजिन चालू करून गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा. पॅड बदलताना पिस्टन मागे ढकलले असतील तर पहिले काही दाब रिकामे जातात, आणि ते दारात जायला हवेत, रस्त्यावर नाही. पेडल जोरात धरून ठेवा, कुणाला तरी चारी चाकांपाशी आणि मास्टर सिलिंडरखाली ओल आहे का बघायला सांगा.

मग एखाद्या मोकळ्या मैदानात दहा-वीसच्या वेगात थांबवून बघा. गाडी एका बाजूला ओढते का, पेडलची उंची तीच राहते का? नंतर सुट्टीच्या दिवशी एमआयडीसीतल्या रिकाम्या रस्त्यावर जरा वेग वाढवा. पहिला उतार म्हणून पन्हाळा किंवा जोतिबा बरा, लगेच करूळला निघू नका. परत आल्यावर डबीतली पातळी पुन्हा बघा. ऑईल बदलल्याची तारीख आणि किलोमीटर कागदाच्या पट्टीवर लिहून बोनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा.

उतारावर गाडी खालच्या गिअरमध्येच ठेवा. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. पेडलवर सतत पाय टेकवून ठेवण्यापेक्षा थोडा वेळ नीट दाबा आणि पूर्ण सोडा, म्हणजे ब्रेक थंड व्हायला वेळ मिळतो. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून घाट उतरणारे अजूनही भेटतात. इंजिन बंद झालं की बूस्टरला नवा व्हॅक्यूम मिळत नाही, दोन-तीन दाबांत पेडल कडक होतं, आणि न्यूट्रलमुळे इंजिनचा अटकावही गेलेला असतो.

उतरताना पेडल खाली गेलंच तर भराभर पंप मारा, एकेक गिअर खाली आणा, हँडब्रेक झटक्याने न ओढता हळूहळू ओढा आणि डोंगराच्या बाजूला गाडी घ्या. थांबल्यावर तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती तडकू किंवा वाकू शकते. तासाभराने पेडल परत कडक लागेल. तरीही उरलेला घाट त्या पेडलच्या भरवशावर उतरायचा नाही. ऑईलमधलं पाणी तिथंच आहे, पुढच्या पाच-सात वळणांत ते पुन्हा उकळेल. टो बोलवा, आणि गाडी सुटली की आधी ऑईल बदला.